आधी स्पर्श, मग शुद्धी

शास्त्रभाग : मार्क १:४०-४५



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूकडे येतो. मूळ ग्रीक भाषेतील 'लेप्रा' या शब्दात त्वचेच्या अनेक विकारांचा समावेश होत असे. त्यामुळे भाषांतरकाराला रोगाचे नेमके नाव सांगता येत नाही. त्या माणसाची अवस्था मात्र नेमकी सांगता येते. लेवीयाच्या तेराव्या अध्यायातील नियमानुसार त्याला छावणीबाहेर एकटे राहावे लागे व आपण अशुद्ध आहोत, हे स्वतःच ओरडून सांगावे लागे.

आता घटनांचा क्रम पाहा. प्रभूला त्याचा कळवळा येतो. येथील ग्रीक क्रियापद आतड्यांशी निगडित आहे. आपण 'आतडे पिळवटले' म्हणतो, तसेच. मग प्रभू हात पुढे करतो, त्याला स्पर्श करतो, बोलतो. आणि त्यानंतर रोग जातो. स्पर्श झाला तेव्हा तो मनुष्य अशुद्धच होता.

१९९८ साली मी हाच भाग अभ्यासत होतो. त्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी एक तरुण विधवा वेदीजवळ गुडघे टेकून बसली. तिचा पती एड्सने गेल्याची कुजबूज मंडळीत होती. तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. सामायिक प्याला तिच्यानंतर आपल्याकडे येऊ नये, म्हणून मीही दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. ती पुन्हा उपासनेला आली नाही. 'स्पर्श केला' हे शब्द मी कागदावर अचूक उतरवले होते. जीवनात मात्र त्यांचे भाषांतर मला साधले नाही.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळली. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि मातेकडून बालकाला, या मार्गांनी तो पसरतो. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, डासांमुळे किंवा सामायिक प्याल्याने तो पसरत नाही. २००४ सालापासून शासकीय केंद्रांत यावरील औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली जाते व तसेच राहते, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. मातेने वेळीच उपचार घेतल्यास बालकही बहुधा वाचते. रोग्याला नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभावाने वागवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली असून तो २०१८ पासून अमलात आहे.

इतके ठाऊक असूनही आपण विचारतो, "पण लागण झाली कशी?" योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध मनुष्याविषयी असाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला व त्या मनुष्याची दृष्टी त्याला दिली. कित्येक पतिव्रता स्त्रियांना हा रोग आपल्या घरातच मिळाला आहे. आणि ज्याचे खरोखरच पाऊल घसरले, त्याच्यासाठी तारणारा दुसरा आहे काय? पापाला पाप म्हणणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. परंतु रोग्याच्या रक्ताची चाचणी पाहून त्याच्या आत्म्याचा निवाडा करण्याचा अधिकार तिला दिलेला नाही.

पंचेचाळिसाव्या वचनाने मला पुष्कळ वर्षे अस्वस्थ केले आहे. बरा झालेला मनुष्य नगरात बोलत फिरतो. प्रभूला मात्र उघडपणे नगरात जाता येईना, तो बाहेर अरण्यात राहिला. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली! कालवरीची सावली येथेच पडलेली दिसते.

वाचकहो, तुमच्या मंडळीत असे कोणी असेल तर त्याचे गुपित राखा. तो घरी जेवावयास बोलावील तर जेवा. औषधे आणण्यास सोबत जा. आणि येत्या प्रभुभोजनाला कोणाच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर ती आपलीच आहे असे समजा. त्या भगिनीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. तुम्हांला अजून आहे.

हे प्रभो, तुझ्या वचनाचे आमच्या हातांनी भाषांतर होऊ दे. आमेन.