मेंढ्याचे शिंग आणि मेंढ्याचे रक्षण

रक्षणासाठी केलेली हिंसा ही हिंसा ठरते की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. एके काळी तो यज्ञमंडपात विचारला जाई. आज तो बर्फाच्या डोंगरावर जाऊन उभा राहिला आहे.

विषय असा. एका माळकरी गृहस्थाचा मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे. त्याचे सोबती रानमेंढ्याच्या शिकारीस निघाले आहेत आणि यानेही सोबत यावे असा त्यांचा आग्रह आहे. मुलाने वडिलांना कळवले, “जागा कोणती आणि शिकारीची सोय लावणारी कंपनी कोणती, एवढेच ठरायचे आहे. दोन्ही नीट निवडली तर आमच्याच पैशांतून त्या प्राण्याचे रक्षण होते. मग यात दोष कोणता?” वडील मला म्हणाले, “महाराज, त्याला रागावू की समजावू?” संतसज्जनहो, मुलाचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. आधी पूर्वपक्ष पुरता ऐकावा, मग सिद्धान्त सांगावा, ही आपली रीत आहे.

रानमेंढा म्हणजे आपल्या धनगरवाड्यातला मेंढा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत त्याच्या चार जाती शिकारी मोजतात आणि चारही मारल्या की मोठा पराक्रम मानतात. पामीरच्या पठारावर मार्को पोलोच्या नावाचा मेंढा आहे. त्याचे शिंग वळणावरून मोजले तर पाच फुटांच्याही पुढे जाते. अलास्कात बाहेरगावच्या माणसाला पांढऱ्या डॉल मेंढ्याची शिकार करायची, तर परवान्याबरोबर अधिकृत वाटाड्या किंवा तिथला जवळचा नातेवाईक सोबत असावाच लागतो. शिंगाचे वेटोळे पूर्ण झालेला, नाहीतर दोन्ही शिंगांची टोके मोडलेला, नाहीतर आठ वर्षे भरलेला नरच मारता येतो. वय शिंगावरच्या वलयांवरून मोजतात. घोडे, तंबू, शिधा, वाटाड्या ही सगळी सोय आउटफिटर कंपन्या लावतात आणि तिचे हजारो डॉलर घेतात. 2013 साली मोंटाना राज्याचा एका रानमेंढ्याचा परवाना लिलावात 4,80,000 डॉलरला गेला. हा पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनासाठी असतो.

याहून बळकट दाखला बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगराचा आहे. अफगाण युद्धाच्या काळात तिकडे बंदुका सुळसुळल्या आणि उरियल मेंढे व मारखोर बोकड संपत आले. 1980 च्या दशकात तिथल्या पठाण टोळीप्रमुखांनी आपल्या लोकांची शिकार थांबवली आणि त्याच लोकांतून राखणदार नेमले. वर्षाला मोजकेच म्हातारे नर परदेशी शिकाऱ्यांना द्यायचे आणि त्या पैशातून राखणदारांचा पगार भागवायचा, अशी व्यवस्था लावली. कळप पुन्हा वाढले. ही गोष्ट खरी आहे, आणि ती लपवून सिद्धान्त सांगणे हे कीर्तनकाराचे काम नव्हे.

आता माउलींकडे येऊ. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेपाशी माउली बराच वेळ थांबतात. स्वतःचे मत मांडण्याआधी ते हिंसेतून अहिंसा साधू पाहणारी मते समोर घेतात. पाऊस पडावा, लोक जगावेत, म्हणून यज्ञात पशू मारायचे. एका जिवाच्या औषधासाठी दुसरे जीव उपटायचे. यावर माउलींचे दृष्टान्त पाहा. झाडाच्याच फांद्या तोडून त्या झाडाला कुंपण करावे, किंवा देऊळ पाडून देवाला आवार बांधावे, तशी ही अहिंसा आहे. सातशे वर्षांपूर्वीचे हे बोट आजच्या परवान्यावर नेमके येऊन टेकते.

कोणी म्हणेल, फांदी तोडल्याने झाड वाचत असेल तर तोडावी. मग विचारले पाहिजे की तोडतात ती फांदी कोणती? शिकाऱ्याला मोठ्यातले मोठे शिंग हवे असते. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन येथे मेंढ्यांचा अनेक वर्षे अभ्यास झाला आणि तो 2003 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शिंगांचे नर निवडून मारत गेल्याने पुढच्या पिढ्यांत शिंगेच लहान होत गेली, असे त्यात दिसले. वाघ म्हातारा आणि लंगडा धरतो, माणूस देखणा निवडतो. वाघाला भूक आहे, माणसाला भिंत सजवायची आहे.

तरीही तोरघरच्या राखणदाराला मी दोषी म्हणणार नाही. वनपर्वातला धर्मव्याध आठवा. मिथिलेत मांस विकून तो आईबापांची सेवा करी. स्वतः पशू मारत नसे. शेतीतही असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसक कोणीच नाही, हेही त्याने कौशिकाला सांगितले. पण आपले कर्म घोर आहे, यात संशय नाही, हे त्याने आधी कबूल केले. त्याने मांसाच्या दुकानाला सेवा म्हटले नाही. डोंगरातला गरीब मनुष्य पोटासाठी जे करतो, ते त्याच्या वाट्याला आलेले आहे. हजारो मैलांवरून विमानाने येणाऱ्याच्या वाट्याला ते आलेले नाही, त्याने ते निवडले आहे. दोघांना एका तराजूत घालता येत नाही.

“पैसा रक्षणाला जातो” या म्हणण्याची परीक्षा सोपी आहे. शिकाऱ्याला सांगावे, तेवढाच पैसा दे, त्याच डोंगरावर त्याच वाटाड्याबरोबर जा, मेंढा दुर्बिणीतून पाहा आणि रिकाम्या हाताने परत ये. कबूल असेल तर ते दान. शिंगाशिवाय पैसा सुटत नसेल तर ती खरेदी आहे. खरेदीतून कोणाचे भले होतही असेल, पण त्याचे पुण्य स्वतःच्या नावावर मांडू नये.

राहिला जागेचा प्रश्न. त्याचे उत्तरही वनपर्वात आहे. पांडव द्वैतवनात असताना हरणे धर्मराजाच्या स्वप्नात आली. आम्ही आता बियाण्यापुरती उरलो आहोत, तुम्ही जागा बदला म्हणजे आमचा वंश वाढेल, असे ती म्हणाली. धर्मराजाने हरणांशी वाद घातला नाही. भावांना घेऊन तो काम्यकवनाकडे निघाला. शिकारीची जागा निवडण्याचा विधी शास्त्राने सांगितला असेल तर तो हाच: ज्याचा जीव जायचा, त्याला आधी विचारा.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव कायद्याने लडाखच्या शापू आणि न्यान या रानमेंढ्यांना अभय आहे. हेमिसच्या परिसरात गावकरी पाहुण्यांना घरात उतरवून घेतात, डोंगर दाखवतात, आणि जिवंत प्राण्यावर त्यांना चार पैसे मिळतात. म्हणजे दुसरी वाट आहे. वडिलांनी मुलाला रागावू नये, ही वाट दाखवावी.

पण आपल्यालाही एक हिशेब चुकवायचा आहे. उद्या सगळे शिकारी थांबले, तर तोरघरच्या राखणदाराचा पगार कोण देणार? गळ्यात माळ घालून आपण शिकाऱ्याला नावे ठेवतो, आणि रानासाठी पदरचा रुपया सोडत नाही. अशी दया तोंडापुरतीच राहते. काटेवाडीत तुकोबारायांच्या पालखीभोवती धनगरांच्या मेंढ्या रिंगण धरतात, तेव्हा आपण हात जोडतो. त्याच जातीचा जीव डोंगरावर कोणी राखत असेल, तर त्याच्या भाकरीत आपलाही वाटा असायला हवा. शिकारी शिंगासाठी जेवढे मोजतो, तेवढे आपल्याला झेपणार नाही. झेपेल तेवढे द्यावे, आणि मगच त्याला उपदेश करावा.

रामकृष्ण हरी.