मदत पायीच चढते

19 जुलै 2023च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी वर नेता येईना. बचावपथकं, पोलीस, गिर्यारोहक आणि आसपासच्या गावांतली पोरं भर पावसात, चिखल तुडवत डोंगर चढली आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसू लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते. 57 माणसांचा पत्ता लागला नव्हता.

पावसाळी सहलीचे बेत कानावर आले की मला ते अधिकारी आठवतात. डोंगरात मदत पोचते ती अशी, कुणाच्या तरी पायांनी, कुणाच्या तरी जिवाच्या भरवशावर. म्हणून ‘माझं मी बघून घेईन’ हे बोलणं मला पटत नाही. आपण वाहून गेलो की कमरेला दोर बांधून दुसऱ्या कुणाला तरी त्याच पाण्यात उतरावं लागतं. इर्शाळवाडीच्या किंवा 2021 साली अशाच दरडीखाली सापडलेल्या, महाडजवळच्या तळियेच्या लोकांनी डोंगर हौसेने निवडला नव्हता. तिथे त्यांची घरं होती. अशा मदतीवर पहिला हक्क त्यांचा आहे. आपल्याला तर परत फिरता येतं.

30 जून 2024, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाणी वाढत गेलं आणि सगळ्यांना घेऊन गेलं. एक बाई आणि चार मुलं दगावली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. पावसाळ्यात तिथे कितीतरी माणसं भिजत असतात, आणि पाणी घोट्याएवढं असताना त्यात भिण्यासारखं काही दिसत नाही.

नेमकी फसगत होते ती इथेच. सह्याद्रीतला ओढा फुगतो तो वरच्या पठारावर पडणाऱ्या पावसाने. खाली उघडीप असली तरी वर कोसळत असतो, कातळावर पाणी मुरत नाही, आणि लोंढा काही मिनिटांत येतो. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज घुमायला लागला, की पिशव्या, चपला, मोबाइल सगळं तिथेच टाकून बाजूच्या उंचावर चढायचं. पात्रातून खाली पळायचं नाही, कारण पाणी आपल्यापेक्षा वेगाने धावतं. जोराचं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, आणि दोन फूट पाण्यात मोटारसुद्धा वाहून जाते. फरशी पुलावरून पाणी चाललं असेल तर गाडी अलीकडेच उभी करावी. खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही.

हे सांगणारी माणसं वाटेवर भेटतातही. कुणी गुराखी, कुणी मक्याची कणसं भाजणारी मावशी म्हणते, “आज जाऊ नका, वर लई पडतोय.” आणि आपण शहाणपणाने विचारतो, “तुम्ही नाही का रोज जात?” ती जाते, पण कधी जायचं नाही, हेही तिला ठाऊक असतं. लिहिलेल्या इशाऱ्याचंही तेच होतं. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक असल्याचा फलक होता. तरी 15 जून 2025 रोजी त्यावर गर्दी झाली, पूल कोसळला आणि चार जण गेले.

मला खरी काळजी वाटते ती आपल्यातल्याच एकाची. दहाजणांच्या घोळक्यात कुणीतरी, बहुधा एखादी आत्या किंवा शांत स्वभावाचा पोरगा, हळूच म्हणतो, “आपण परत फिरूया का?” लगेच त्याला घाबरट म्हणतात, सगळे हसतात. पुढच्या वेळी तो बोलत नाही. सगळ्या घोळक्यात ज्याला धोका आधी जाणवला होता, त्याचंच तोंड आपण बंद केलेलं असतं. तेव्हा घरून निघतानाच ठरवून टाकावं: कुणी एकानेही, अगदी लहानातल्या लहानाने, नको म्हटलं तर सगळे वळतील. कारण विचारायचं नाही, आणि परतीच्या वाटेवर त्याला चिडवायचंही नाही.