हरकत आहे



आपल्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा तरी दोन शब्द येतात : 'हरकत नाही.' पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. शेजाऱ्याची गाडी आपल्या दारात लागली, हरकत नाही. प्रवचन पाच मिनिटे लांबले, हरकत नाही. हे शब्द चांगलेच आहेत. त्यांत मनाचा मोठेपणा आहे. पण याच दोन शब्दांनी आपण कितीतरी गोष्टी हातातून जाऊ दिल्या. गेल्या महिन्यात आपल्याच धर्मग्रामातल्या एका मुलीने आम्हाला त्याची जाणीव करून दिली.

ही मुलगी पर्यावरणाचे कायदे आणि सरकारी धोरणे यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत सहा वर्षे काम करते. कुठे बंदर येणार असेल, कुठे खाण किंवा कारखाना, तर त्याचा जाडजूड अहवाल वाचायचा, त्यातल्या त्रुटी शोधायच्या, त्या गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायच्या, हरकतींचा मसुदा लिहायचा आणि सुनावणीला उभे राहायचे, असे तिचे काम. संध्याकाळच्या मिस्सानंतर ती भेटायला आली. चेहरा थकलेला होता. म्हणाली, "फादर, सहा वर्षांत आम्ही सात प्रकल्पांवर हरकती घेतल्या. सातही मंजूर झाले. हे काम सोडून सरळ एखादी नोकरी धरू का?"

आम्ही घाईने उत्तर दिले, "बाळ, आपण आपले काम करावे, फळ देवावर सोडावे."

ती म्हणाली, "फादर, हे सांगायला सोपं आहे. खाडी एकदा बुजली की परत उघडत नाही." आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, "दुसरंही एक आहे. माझ्या शिक्षणासाठी पप्पांनी रस्त्याकडची वाडी विकली. तिथे आज चार मजली इमारत आहे. मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवू?"

या दोन्ही प्रश्नांना त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. महिनाभर विचार करून जे सुचले ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण हे प्रश्न एकट्या तिचे नाहीत.

आधी 'हरकत' म्हणजे काय ते पाहू. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार बंदर, खाण, मोठा कारखाना अशा अनेक प्रकल्पांना परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. लोकांना किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. उपस्थित असलेल्या प्रत्येकाला विचारण्याचा हक्क असतो आणि शेवटी सारे कामकाज स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. याच अधिसूचनेत आणखी एक वाक्य आहे. सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. सोसायटीच्या सभेला गणसंख्या लागते. इथे लागत नाही. म्हणजे कोणीही आले नाही तरी सुनावणी होते. दूर शहरात बसून ते कागद वाचणारा मनुष्य काय समजेल? गावाची हरकत नव्हती, असेच समजेल. आपण घरी बसून गप्प राहतो तेव्हा आपल्याला वाटते की आपण काहीच केले नाही. खरे तर आपण 'हरकत नाही' असे लिहून दिलेले असते.

मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो. विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांबरोबरच जे चांगले करायचे राहून गेले त्याचीही क्षमा मागतो. पहिल्या तीन गोष्टींसाठी आपण छातीवर हात मारतो तेव्हा काही ना काही आठवते. चौथीच्या वेळी बहुधा काहीच आठवत नाही, कारण जे केलेच नाही ते आठवणार कसे? नैतिकशास्त्रातली ही जुनी अडचण आहे. न केलेल्या कर्माला साक्षीदार नसतो. म्हणून त्याच्यासाठी जास्त जागरूक राहावे लागते.

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. जी हरकत फेटाळली जाणार हे ठाऊक आहे ती घेण्यात अर्थ काय?

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची कथा आहे. सदोमचा नाश करण्यापूर्वी देव अब्राहामाला ते सांगतो. जणू त्याच्यापुढे सुनावणीच ठेवतो. अब्राहाम पुढे होऊन विचारतो, शहरात पन्नास नीतिमान असले तरी सगळ्यांचा नाश करणार का? मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहावर येतो. प्रत्येक वेळी नम्र आहे, पण मागे हटत नाही. शेवट आपल्याला माहीत आहे. दहाही निघाले नाहीत आणि सदोम जळाले. मग अब्राहामाची विनवणी वाया गेली का? पवित्र शास्त्र सांगते की देवाने अब्राहामाची आठवण ठेवून लोटाला त्या विध्वंसातून बाहेर काढले. मागितले होते सारे शहर, वाचले एक कुटुंब. अब्राहामाने तोंड उघडले नसते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कांट वाचला. कृतीचे नैतिक मूल्य तिच्या परिणामावर ठरत नाही, कर्तव्यबुद्धीवर ठरते, असे तो सांगतो. हे वाचून मनाला धीर येतो. पण निसर्गाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. आपला हेतू शुद्ध होता म्हणून तोडलेली तिवरे परत उगवत नाहीत. हान्स योनास या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाने १९७९ साली जबाबदारीविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा असा की, आजच्या माणसाच्या हातात एवढे सामर्थ्य आले आहे की अजून जन्माला न आलेल्यांचाही विचार करूनच त्याने वागले पाहिजे. परिणामांकडे पाठ फिरवण्याची मुभा आपल्याला राहिलेली नाही. आम्हाला वाटते, दोघांचेही ऐकावे. हरकत फेटाळली गेली म्हणून ती निरर्थक ठरत नाही, हे पहिल्याचे. पण ती मान्य व्हावी म्हणून अभ्यास, कष्ट आणि चिकाटी यांत कसूर करता कामा नये, हे दुसऱ्याचे. हरलेल्या हरकतीबद्दल देव जाब विचारणार नाही. पण आळसाने लिहिलेल्या हरकतीबद्दल विचारील.

आपल्या वसईला हे नवीन नाही. १९८८ साली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. १९९० साली वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले, तेव्हा गावोगावी सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि पुढे विकास आराखड्यावर हजारोंनी हरकती नोंदवल्या. २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या काळासाठीच्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हाही वसईतून हजारो हरकती गेल्या. सगळे वाचले का? नाही. कितीतरी बावखले बुजली, वाड्या गेल्या. जुलै २०१८ च्या पावसात मिठागरांच्या वस्तीत माणसे अडकली, रेल्वे ठप्प झाली, घराघरांत पाणी शिरले. तो अनुभव ताजा आहे. पण रेल्वेच्या पश्चिमेला आजही केळीच्या आणि फुलांच्या वाड्या दिसतात. त्या आपोआप राहिल्या नाहीत. कोणीतरी उन्हात उभे राहून अर्ज दिला होता.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. ज्याने स्वतः जमीन विकली त्याने बोलावे का?

इथे आम्हालाही कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात गाड्या ठेवायला आणि सणाचा मंडप घालायला सोयीचे व्हावे म्हणून आम्ही मागची मोकळी जागा पेव्हर ब्लॉकने मढवली. त्यासाठी चिंचेचे झाड काढले. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत विचारले, "कोणाची हरकत?" सगळे म्हणाले, "हरकत नाही." रविवारी एक आजी मात्र काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "फादर, तिथं पाणी मुरत होतं." आम्ही हसून त्यांची समजूत घातली. आता मोठा पाऊस झाला की त्या जागेवरचे पाणी चर्चच्या पायऱ्यांपर्यंत येते, आणि दर वेळी आम्हाला त्या आजी आठवतात. आज त्या आपल्यात नाहीत.

तेव्हा हा लेख लिहिणारे हात स्वच्छ नाहीत. आपल्यातले फार थोडे जण नाबोथसारखे आहेत. अहाब राजाने त्याला त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे तो म्हणाला आणि त्यासाठी त्याने जीव गमावला. आपल्यापैकी कोणी आजारपणासाठी, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, कोणी भावाभावांच्या वाटणीपायी जमीन विकली. प्रत्येक विक्री पाप नसते. मुलीला शिकवण्यासाठी वाडी विकणाऱ्या बापाला आम्ही दोष देणार नाही. पण त्या पैशातून जे शिक्षण मिळाले ते एक ऋण आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की माणसाला मालमत्ता बाळगण्याचा हक्क आहे, मात्र तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंतांसाठी तयार असावे. शिक्षण हीसुद्धा मालमत्ताच. वाडी गेली, तिच्या बदल्यात ज्ञान आले. ते ज्ञान आता उरलेल्या वाड्यांच्या कामी यावे. पेत्राने तीनदा नाकारले, तरी प्रभूने त्याच्याकडेच मेंढरे सोपवली. ज्याचे कधी चुकले नाही त्यानेच बोलावे असा नियम केला, तर जगात कोणीच बोलणार नाही, आणि मग बोलेल फक्त पैसा.

मात्र हरकत घेणाऱ्यालाही काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य सत्याचे. आपली बाजू भक्कम दिसावी म्हणून आकडे फुगवणे ही खोटी साक्षच आहे. आठवी आज्ञा चांगल्या कामासाठी शिथिल होत नाही. दुसरे, समोरच्या अधिकाऱ्याचा द्वेष करू नये. त्यालाही मुलेबाळे आहेत, तोही हेच पाणी पितो. तिसरे पथ्य सर्वांत कठीण. आपली हरकत केवळ आपल्या कुंपणापुरती नसावी. वसई-विरारच्या नळांना सूर्या धरणाचे पाणी येते. त्या धरणासाठी आदिवासी कुटुंबांची घरे आणि शेते गेली. त्यांच्या हरकतींच्या वेळी आपण कुठे होतो? नालासोपाऱ्यातल्या एका खोलीत सहा माणसे राहतात, त्यांनाही घर हवे आहे. 'आमची वाडी वाचवा, बाकी कुठेही बांधा' ही हरकत नव्हे, तो स्वार्थ झाला. म्हणून 'नको' म्हणताना 'मग काय हवे' हेही सांगता आले पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच मांडले. प्रकल्प ठरून गेल्यावर पर्यावरणाचा अहवाल करण्यात अर्थ नाही, तो आधी व्हावा, उघडपणे व्हावा आणि चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असे त्यांचे सांगणे. त्याच वर्षी त्यांनी १ सप्टेंबर हा निर्मितीच्या जोपासनेसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून ठरवला. ते २०२५ साली गेले. पण त्यांनी दिलेले ते स्थान आपण रिकामे ठेवले, तर दोष कोणाचा?

त्या मुलीला आमचे उत्तर आता असे आहे. बाळ, थकली असशील तर थोडी विश्रांती घे. देवानेही सातव्या दिवशी घेतली. नोकरी बदललीस तरी आम्ही तुला दोष देणार नाही. पण सात हरकती हरल्या म्हणून ते काम व्यर्थ गेले असे मात्र समजू नकोस. आणि ते काम तू एकटीने करावेस अशी वेळ आम्ही आणली, याची क्षमा असावी. आपल्या भागात झालेल्या सुनावणीला तू उभी होतीस तेव्हा आपल्या धर्मग्रामातून कोणीही आले नव्हते. आम्हीही नव्हतो. पुढच्या सुनावणीला आम्ही येऊ.

बंधू-भगिनींनो, पुढच्या रविवारपासून चर्चच्या फलकावर आपल्या भागाच्या सरकारी सूचना सोप्या मराठीत लावल्या जातील. दुसऱ्या मिस्सानंतर वीस मिनिटे बसून त्या वाचू. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांना युवक मदत करतील. मागच्या अंगणातले निम्मे पेव्हर ब्लॉक काढून तिथे चिंच लावण्याचा विषय पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत येणार आहे. यावेळी 'कोणाची हरकत?' असे विचारल्यावर लगेच मान डोलावू नका. विचार करा, आणि असेल तर सांगा. गाड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न खराच आहे, तोही मांडा.

ज्या देवाने ही भूमी मशागत आणि राखण करण्यासाठी आपल्या हाती दिली, तो आपल्याला योग्य वेळी 'हरकत नाही' म्हणण्याचे मोठे मन आणि योग्य वेळी 'हरकत आहे' म्हणण्याचे धैर्य देवो.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू