वाळूचा चढ आणि युक्तिप्रमाण

वाळूच्या टेकडीवर गाडी घालण्यापूर्वी चालकाला काही गोष्टी ठरवाव्याच लागतात. इंजिनाची ताकद दोन चाकांना द्यायची की चारही. चारही दिली तर वेगाच्या फोर-हाय गिअरमध्ये जायचे की जोराच्या फोर-लोमध्ये. टायर कोणत्या नक्षीचे हवेत आणि त्यांत हवा किती ठेवायची. या प्रत्येक बाबीचे नियम ठरलेले आहेत, जाणकार ते सांगतात, आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत तर खास वाळूसाठी वेगळे बटणच असते. तरीही नियम तोंडपाठ असलेल्या माणसाची गाडी रुतते आणि ते कधीही न वाचलेल्या माणसाची पार होते. मग योग्य निर्णय घेणाऱ्याला नेमके काय कळलेले असते? प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य ही ज्ञानाची परिचित साधने. त्यांच्या जोडीला आयुर्वेदाच्या चरकसंहितेने ‘युक्ती’ हे चौथे साधन मांडले. पुढच्या दार्शनिकांनी ते बहुतांशी बाजूला सारले, पण वाळूवरचा निर्णय समजून घ्यायचा तर त्याच्याकडे परत जावे लागते.

आधी वाळूचा स्वभाव. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. ते भार पेलतात ते केवळ परस्परांतल्या घर्षणावर. भार थोड्या जागेवर एकवटला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. म्हणून पहिला उपाय हवा कमी करण्याचा. डांबरी रस्त्यावर 30 ते 35 पीएसआय ठेवलेला दाब वाळूवर 15 ते 18 पर्यंत उतरवतात, फारच भुसभुशीत जागी त्याहूनही खाली. टायर जमिनीवर जेवढा टेकतो तेवढी जागा, ढोबळमानाने, चाकावरचा भार भागिले आतला दाब एवढी असते. दाब निम्मा केला की टेकणारा भाग दुपटीच्या जवळ जातो. हा भाग रुंदीत थोडा आणि लांबीत पुष्कळ वाढतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. त्यामुळे केवळ रुंद टायर बसवून काम भागत नाही. मोठ्या व्यासाचा, उंच आणि लवचीक बाजू असलेला टायर हवा सोडल्यावर जितका पसरतो, तितका बुटक्या बाजूचा देखणा टायर पसरत नाही.

नक्षीच्या बाबतीत तर सामान्य समजूत उलटीच असते. खोल खाचांचे, मोठ्या गट्ट्यांचे टायर दणकट दिसतात, पण ते घडवलेले असतात चिखलासाठी. चिखलात वरचा थर कापून खालची टणक जमीन गाठायची असते. टेकडीच्या वाळूखाली आवाक्यात अशी जमीन नसते. तिथे हेच गट्टे फावड्यासारखे चालतात आणि गाडी स्वतःचाच खड्डा खणते. थोडी झिजलेली, उथळ नक्षी येथे उजवी ठरते. वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे खास टायर हलक्या बग्गींना लावतात, पण ते जोरकस इंजिन आणि सतत राखलेला वेग गृहीत धरून.

ताकद कशी वाटायची हा त्यापुढचा प्रश्न. वाळू चाकाला सतत मागे ओढते, म्हणून चढावर वेग टिकवणे हे सर्वांत मोठे काम. त्यासाठी बहुतेक वेळा फोर-हाय. फोर-लोमध्ये चाकांवरचा जोर वाढतो पण वेग मर्यादित होतो, आणि जोर वाळूच्या पकडीपेक्षा जास्त झाला की चाके जागच्या जागी फिरून खाली जातात. रुतलेली गाडी सावकाश बाहेर काढताना किंवा तीव्र उतारावर इंजिनाने वेग आवरताना मात्र फोर-लोच लागतो. चाक घसरताच इंजिनाची ताकद कापणारा ट्रॅक्शन कंट्रोल ओल्या रस्त्यावर जीव वाचवतो आणि वाळूच्या चढावर ऐन वेळी गाडीचा दम काढून घेतो.

इथपर्यंत सारे नियम आहेत आणि ते खरे आहेत. अडचण सुरू होते ती ते एकत्र आल्यावर. हवा कमी केली की तरंगणे सुधारते, पण वेगात वळण घेताना टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो. म्हणजे दाब ठरवतानाच पुढची वळणे आणि वेग ठरवावे लागतात. वेग किती लागेल हे चढावर आणि गाडीच्या वजनावर ठरते. चढ किती हे कोणत्या बाजूने जायचे यावर. वाऱ्याकडची बाजू साधारण 10 ते 15 अंशांची आणि त्यातल्या त्यात घट्ट. वाऱ्याआडची बाजू 30 ते 34 अंशांची, नुकत्याच ओघळलेल्या वाळूची, पाय ठेवताच ढासळणारी. घट्टपणाही स्थिर नाही. पहाटेच्या दवाने कणांमध्ये पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा येतो आणि वाळू काहीशी धरून राहते. दुपारी तीच वाळू सुटते, आणि त्याच उन्हात टायरमधला दाब मात्र वाढलेला असतो. एक गोष्ट हलवली की बाकीच्या सगळ्या हलतात.

इतिहासातला एक दाखला येथे फार बोलका आहे. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1930 च्या सुमारास फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात मोहिमा केल्या. इजिप्तच्या पश्चिमेचा ‘ग्रेट सँड सी’ हा वाळूचा अफाट प्रदेश मोटारीने ओलांडता येणार नाही असे तेव्हा मानले जाई. त्याच्या मॉडेल-ए गाड्यांची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जात असे. टायरमधली हवा कमी करणे, टेकडीची घट्ट बाजू रंगावरून व आकारावरून ओळखणे, पायथ्यापासूनच पुरेसा वेग घेणे आणि रुतल्यावर चाकाखाली पोलादी पन्हळी घालणे, एवढ्या सामग्रीवर त्या टेकड्या पार झाल्या. 1940 मध्ये त्यानेच उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या पथकाला पुढे चारही चाकांना ताकद देणारे फोर्ड ट्रक मिळाले. ते जड आणि इंधनखाऊ निघाले, आणि 1942 मध्ये पथक पुन्हा दोन चाकांच्या ताकदीच्या शेवरोलेंकडे वळले. फोर-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी असा याचा अर्थ नव्हे. ताकद, वजन, इंधन, अंतर आणि वाळू यांच्या त्या विशिष्ट मेळात ते उणे ठरले, एवढाच अर्थ. बॅग्नॉल्डने 1941 मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो आजही पायाभूत मानला जातो. पण टेकड्या त्याने ओलांडल्या त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. अनेक कारणांच्या संयोगातून होणारे कार्य जी बुद्धी एकत्रितपणे पाहते ती युक्ती, असा तिथला आशय आहे. दृष्टान्त शेतीचा. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या मेळातून पीक येते. यातले कोणतेही एक पुरेसे नाही आणि कोणतेही वगळता येत नाही. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या अनुमानात एक चिन्ह आणि एक निष्कर्ष असतो, आणि त्यांचे साहचर्य आधीच ठाऊक असते. युक्तीत अनेक घटक असतात, प्रत्येकाचे प्रमाण बदलते असते, आणि जे जाणायचे ते बहुधा अजून घडायचे असते.

यावर आक्षेप तगडे आहेत. आठव्या शतकातल्या शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात युक्तीला स्वतंत्र प्रमाण मानण्याचे मत खोडून काढले : हे असले की ते होते, एवढेच तिच्यात असेल तर ते अनुमानच झाले. चरकाचा टीकाकार चक्रपाणीही तिला इतर प्रमाणांची साहाय्यक मानतो. खुद्द चरकसंहिता विमानस्थानात तीनच प्रमाणे गणते आणि अनुमानाचे वर्णन युक्तीवर विसंबलेला तर्क असे करते. पण या शेवटच्या वर्णनातच आक्षेपाचे उत्तर दडलेले आहे. अनुमान युक्तीवर विसंबत असेल, तर युक्तीला अनुमानात विरघळवून टाकणे अवघड होते. ‘मऊ वाळूवर दाब कमी ठेवावा’ ही व्याप्ती, म्हणजे सर्वत्र लागू होणारा नियम, झाली. समोरची वाळू मऊ आहे हे पक्षज्ञान, म्हणजे प्रस्तुत प्रसंगाचे ज्ञान, झाले. पण या वजनाच्या गाडीला, या चढावर, या प्रहरी किती कमी, हे त्या दोन वाक्यांतून निघत नाही. ते काढण्यासाठी पाच-सहा व्याप्ती एकमेकींना तोलून पाहाव्या लागतात, आणि तोलण्याची व्याप्ती कोणी दिलेली नसते.

पाश्चात्त्य परंपरेतही हीच गाठ सापडते. नियम कुठे लावायचा हे सांगायला दुसरा नियम हवा, त्याला तिसरा, अशी अनवस्था कान्टने 1781 च्या ग्रंथात दाखवली आणि निर्णयशक्ती सरावाने वाढते, शिकवून येत नाही, असे म्हटले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात तरुण माणूस गणितात निपुण होऊ शकतो पण व्यवहारज्ञानात नाही, कारण ते विशेषांचे ज्ञान आहे आणि विशेष अनुभवानेच परिचयाचे होतात. दोघांचेही निरीक्षण अचूक आहे, मात्र दोघेही या शक्तीला माणसाचा गुण मानून थांबतात. चरकाने तिला ज्ञानाच्या साधनांत बसवले. गुण असतो किंवा नसतो. साधनाची परीक्षा करता येते, त्याचा दोष काढता येतो. रुतलेल्या गाडीकडे पाहून नेमका कोणता घटक जोखण्यात चुकला हे शोधता येते, आणि तेवढ्यापुरते तरी युक्तीला प्रमाण म्हणणे रास्त ठरते.

परीक्षेचा प्रश्न निघाला की प्रामाण्यवाद, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते हा वाद, टाळता येत नाही. वात्स्यायन न्यायभाष्यात सदोष प्रत्यक्षाचे उदाहरण देतो ते मृगजळाचे : उन्हाळ्यात तापल्या जमिनीवर दुरून पाणी दिसते. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे की खोटे हे त्यावर आधारलेली कृती सफळ होते की नाही यावरून कळते. पाण्याकडे गेल्यावर तहान भागली तर ज्ञान खरे. मीमांसकांचे म्हणणे उलट : ज्ञान उपजताच स्वतःच्या बळावर खरे मानले जाते, बाधक पुढे आले तरच ते सोडावे, नाहीतर प्रत्येक पडताळ्याला दुसरा पडताळा लागेल.

वाळूचा चढ या वादाला एक वेगळेच वळण देतो. मृगजळाकडे संशय ठेवून चालत गेले तरी चालते. पाणी असेल तर मिळेल, चालणाऱ्याच्या संशयाने ते आटत नाही. टेकडीवर मात्र अर्ध्या चढावर संशय आला, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, की जी वाळू गाडी पेलणार होती तीच तिला गिळते. पडताळणी आणि पडताळायची गोष्ट एकमेकींपासून वेगळ्या राहत नाहीत. तेवढ्या काळापुरता चालक मीमांसकच असावा लागतो. पण पायथ्याशी तो नैयायिक असतो, असायलाच हवा : खाली उतरून पायाने वाळू दाबून पाहणे, माथ्यावर चालत जाऊन पलीकडची उतरण बघणे, वाऱ्याच्या लहरींची दिशा निरखणे. अनोळखी विषयात पडताळा आवश्यक आणि सरावाच्या विषयात पूर्वी सफळ ठरलेल्या ज्ञानाशी सजातीयता पुरेशी, ही न्यायपरंपरेतली सूक्ष्म तडजोड येथे तंतोतंत लागू पडते. दहाव्या शतकातल्या उदयनाने संशयाला सीमा घातली ती माणसाच्या स्वतःच्या कृतीची : जिथे संशय आपल्याच वागण्याशी विसंगत होतो तिथे तो संपतो. पूर्ण वेगाने चढाला भिडलेल्या माणसाचा संशय असाच विसंगत असतो. संशयाची जागा पायथ्याशी. तिथे तो जितका कठोर तितका चांगला.

उरला बटणाचा प्रश्न. लँड रोव्हरने 2004 मध्ये डिस्कव्हरी-3 या गाडीत भूप्रकारानुसार निवड करण्याची चकती आणली, आणि पुढे अनेक कंपन्यांनी तशी सोय दिली. ‘सँड’ निवडले की ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ आणि चाकांना किती घसरू द्यायचे हे सारे यंत्र एकदम बदलते. प्रमाणशास्त्राच्या भाषेत हे आप्तवाक्य आहे. ज्या अभियंत्यांनी वाळूवर चाचण्या घेतल्या, त्यांचा अनुभव सॉफ्टवेअरच्या रूपाने चालकापर्यंत पोहोचतो, आणि आप्ताला विषय प्रत्यक्ष ठाऊक असावा ही अट तो पुरी करतो. म्हणून त्याला कमी लेखणे चूक. चाकाचे घसरणे यंत्र माणसाच्या आधी ओळखते. परंतु टायरचा दाब ते बहुधा बदलत नाही, वाळू पहाटेची की दुपारची हे चाके फिरल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि माथ्यापलीकडे काय आहे हे तर अजिबात नाही. मुख्य म्हणजे समोरची जमीन ‘वाळू’ या जातीत टाकायची की नाही, हे चालकच ठरवतो. ओल्या किनाऱ्याची घट्ट पुळण आणि वाऱ्याआडची ढासळती उतरण या दोहोंना तेच नाव आहे. सामान्याचे नाव घेऊन विशेषाशी व्यवहार करण्याची जोखीम बटणाने संपत नाही, थोडी मागे सरकते.

वाळूत न जाण्याचा निर्णयही युक्तीच्या कक्षेत येतो. चरकाच्या वैद्याला साध्य आणि असाध्य व्याधींतला भेद आधी ओळखावा लागतो. उपाय माहीत असणे हे तो करावा याचे कारण होत नाही. जैसलमेर आणि बाडमेरच्या बाजूचे डेझर्ट नॅशनल पार्क हा माळढोकाच्या उरलेल्या मोजक्या आसऱ्यांपैकी एक आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे मराठी माणसाला हा पक्षी परिचित आहे. तो घरटे न बांधता उघड्या जमिनीवर अंडे घालतो. तिथल्या वाळूत आणि गवतात चाक कुठे घालायचे नाही, हाही ड्राइव्ह मोड निवडण्याइतकाच ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि कोणत्याही गाडीत त्याचे बटण नाही.

युक्ती मात्रा आणि काळ यांवर अवलंबून असते, असे चरकसंहिता अन्यत्र सांगते. पीएसआयचा आकडा म्हणजे मात्रा. आणि काळाची बाजू वाळू संपल्यावर समोर येते. 15 पीएसआयवर डांबरी रस्त्याला लागलेल्या गाडीच्या टायरच्या बाजू वेगात सतत वाकून तापतात आणि फाटू शकतात. मध्ये डिफरन्शियल नसलेल्या गाडीत फोर-हाय तसाच ठेवला, तर वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापता येत नाही आणि ताण सगळा यंत्रणेवर येतो. म्हणून वाळू सोडल्यावर गाडी आधी पुन्हा दोन चाकांच्या ताकदीवर आणतात, आणि पहिल्या टणक जागी थांबून टायरमध्ये हवा भरतात.