घोडा दाबला की चालू होणारा कॅमेरा

रात्रपाळीत जिनिंग थांबलं की आम्ही सरकीच्या पोत्यांवर टेकतो. मोबाइल निघतात. परवा एकानं लढाऊ विमानांची फिल्म लावली. 1971 ची. काळी-पांढरी, मुकी. समोर एक विमान डुलतंय, मग धूर, मग नुसतं आभाळ. सगळे ओरडले, ‘गेलं रे!’ मी पण ओरडलो. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

22 नोव्हेंबर 1971. युद्ध जाहीर व्हायचं होतं. दमदमहून चार नॅट उडाली आणि बोयराच्या आभाळात पाकिस्तानी सेबरना भिडली. नॅट म्हणजे चिलट. सेबरपुढं चिलटाएवढंच. ही विमानं बंगलोरच्या कारखान्यात बांधली जायची. (तिथं रिबिटं ठोकणाऱ्याचं नाव कुठल्या फिल्मला नसतं, पण ते पुन्हा कधीतरी.)

फिल्म आजीला दाखवली. ती तेव्हा विशीतली. म्हणाली, तंबूत पिच्चरआधी सरकारी बातम्या लागायच्या, त्यात इमानं दावायचे, लोक टाळ्या पिटायचे. मग म्हणाली, “ही काढली कुनी?”

सांगितलं, कॅमेरा विमानातच असतो. तोफेचा घोडा दाबला की चालू, सोडला की बंद.

“म्हंजी मारनाऱ्यानं बघितलं तेवढंच ऱ्हातं.”

आणि ती युद्ध सोडून ब्राह्मणगावावर बोलायला लागली.

दोस्तहो, महिने मोजा. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात शरणागती. बंगाली बायांच्या अब्रूसाठी अख्खा देश पेटलेला. संरक्षणमंत्री जगजीवनराम, काँग्रेसचे, पण जातीनं अस्पृश्यच. आणि मे 1972 मध्ये आपल्या परभणी जिल्ह्यात, ब्राह्मणगावात, पाण्यावरून दोन बौद्ध बायांना मारलं, नागवं केलं, धिंड काढली. दुष्काळाचं साल. आजी खडी फोडायला जायची, तिथं बातमी तोंडातोंडी आली. मुकादम उभा होता म्हणून बायांनी हातोडी खाली न ठेवताच ऐकली.

आता माझा सवाल. बोयरात दोन पाकिस्तानी वैमानिक छत्रीनं उतरले, पकडले गेले. युद्धकैदी म्हणून त्यांना जिनिव्हा कराराचं कवच होतं. ते घरी परतले. त्यातला परवेझ मेहदी कुरेशी 1997 मध्ये त्यांच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. बरोबरच झालं, माझी तक्रार नाही. पण पडलेल्या दुश्मनाला माणूस म्हणून वागवायचं हे या देशाला येतं, एवढं त्यातून ठरतं. मग गाव अडाणी होतं, ही सबब कुणी सांगू नये. घटनेचं 17 वं कलम होतं, 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता. परक्याला करार लागू झाला, आणि कायदा पाणवठ्यापर्यंत पोचला नाही. का? त्या वैमानिकामागं हिशोब मागणारं एक राज्य उभं होतं. त्या दोघींमागं वस्ती, तीही गावाच्या मजुरीवर जगणारी. म्हणून त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणून राजा ढालेंनी ‘साधना’च्या 15 ऑगस्टच्या अंकात झेंड्याचा अपमान आणि बाईचा अपमान यांच्या शिक्षा शेजारी शेजारी मांडल्या. लोकांना झेंड्याचंच लागलं.

मग माझ्या त्या ओरडण्याचं काय करू? वैमानिकांचं धाडस खोटं नव्हतं. काटा खराच आला. पण मी ज्या डोळ्यानं बघत होतो तो डोळा घोड्याला बांधलेला होता. आता तर मारणारेच मोबाइलवर मारहाण काढतात आणि गावभर पाठवतात. असली एक आमच्या पोत्यांवरही फिरली होती. तेव्हा कुणी ओरडलं नाही, पण पुढं सरकवली सगळ्यांनी.

ब्राह्मणगावची फिल्म नाही. आजीनं ऐकलं तेवढंच आहे. पाळी सुटली की रोज पानभर लिहून घेतो. ती मधेच झोपते.