उपकारस्तुति आणि ऋण

आश्विनाच्या अखेरीस पश्चिम रेल्वेनें बोईसर सोडून डहाणूकडे जातांना वाणगांवच्या आसपास दोहों बाजूंस पिकलेलीं भातखाचरें दिसूं लागतात. ह्या भागांतील वारली कुटुंबांत नवा भात आधीं कणसरीस, म्हणजे धान्यदेवतेस, अर्पण करावयाचा आणि मगच घरांतल्यांनीं खावयाचा, असा परंपरेचा रिवाज आहे. ह्याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसई, आणि तिच्या पलीकडे साष्टी व मुंबई. तेथील जुनीं ख्रिस्ती कुटुंबें आक्टोबरच्या आरंभीं आगेऱ्याचा सण पाळतात. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत देवळांत नेल्या जातात आणि धर्मगुरु त्यांस आशीर्वाद देतात. मुंबईच्या कित्येक गांवठाणांतील शेतें केव्हांच इमारतींखालीं गेलीं. तरी लोंब्या दुसरीकडून आणून सण चालूच आहे. श्रद्धा निरनिराळ्या असल्या, तरी त्यांच्या मुळाशीं असलेला भाव एकच आहे. अन्न आपण पिकविलें खरें, पण तें केवळ आपल्यामुळें पिकलें नाहीं, हा तो भाव होय.

परंतु एखाद्या वर्षीं परतीचा पाऊस लांबतो. कापून खाचरांत पसरलेला भात पाण्यांत राहतो, लोंबीवरच दाण्यांस कोंब फुटतात आणि चार महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत कुजते. त्या वर्षीं त्या शेतकऱ्यानें देवाचे आभार कशाबद्दल मानावे? ख्रिस्ती जीवनांत कृतज्ञतेस जें मोठें स्थान दिलेलें आहे, तें ह्या प्रश्नावर घासून पाहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. भरल्या कोठारापुढें हात जोडणें कोणासही साधतें.

आपल्याकडे कृतज्ञतेचा विचार बहुधा ऋणाच्या भाषेंत होतो. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें घेऊन मनुष्य जन्मास येतो आणि यज्ञानें, अध्ययनानें व संततीनें तीं फेडतो, ही कल्पना आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. ती उदात्त आहे, यांत शंका नाहीं. मी माझाच घडविलेला आहें, हा गर्व ती उतरविते. पण ऋण म्हटलें कीं हिशेब आला. ज्यानें दिलें त्याचें फेडावें, हें ठीक. मग ज्यानें देऊन काढून घेतलें, त्याचें देणें कसलें? आमच्या संतांनीं हा हिशेब भक्तीपुरता मोडून टाकला. परंतु व्यवहारांत तो आपल्या मनांत अजून बसलेला आहे. नवस फळला तर फेडावा आणि न फळला तर देव बदलावा, ही त्याचीच परिणति होय.

मराठी ख्रिस्ती लोक ह्या ठिकाणीं ‘उपकारस्तुति’ असा शब्द योजतात. त्यांत स्तुति आहे, फेड नाहीं. प्रभुभोजनाच्या विधीस युखरिस्त हें जें नांव आहे, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आभार मानणें असाच आहे. तें भोजन कोणत्या रात्रीचें होतें, हें येथें ध्यानांत घ्यावें. आपल्याच शिष्यानें शत्रूंच्या हातीं द्यावें, त्या रात्रीं येशूनें भाकरी हातांत घेऊन देवाचे आभार मानले. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागीं जी कृतज्ञता आहे, ती सुगीच्या दिवशीं जन्मलेली नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोग्यांची कथाही अशीच आहे. दहाही बरे झाले. आभार मानावयास परत आला तो एकटा, आणि तोही परका शोमरोनी. येशूस उरलेल्या नऊजणांची खंत वाटली खरी, परंतु त्यांचा रोग त्यांच्याकडे परत आला असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. दिलेलें दान आभारांच्या अटीवर दिलेलें नव्हतें. ऋण असतें, तर वसुली झाली असती.

येथें विचारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाहीं. माझें ताट भरलेलें आहे म्हणून मी देवाचे आभार मानावे, तर शेजारचें ताट रिकामें ठेवणाराही तोच ना? वाणगांवच्या पूर्वेस डोंगर चढून गेलें कीं जव्हारचा मुलूख लागतो. त्या तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत १९९२-९३ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं आणि ती वार्ता देशभर पसरली. अशा वेळीं जेवणापूर्वीं म्हटलेली आमची प्रार्थना त्या मातांच्या कानीं पडती, तर ती त्यांस कशी वाटली असती? लूकनेंच परूशाची गोष्ट सांगितली आहे. तो मंदिरांत उभा राहून देवाचे आभारच मानीत होता. मात्र आपण इतरांसारखे नाहीं, ह्याबद्दल. तो नीतिमान ठरून घरीं गेला नाहीं. दुसऱ्याच्या उण्यावर आपलें अधिक मोजणारी कृतज्ञता ही गर्वाचीच एक जात आहे.

मग खरी कृतज्ञता कोणती? आम्हांस पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, दुष्काळांत तीर्थोतीर्थीं हिंडतांना, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. पुढें भाऊ गेला आणि १८८२ सालीं पतीही वारले. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. जगल्यावांचल्याबद्दल देवाचे आभार मानून त्या स्वस्थ बसत्या, तरी त्यांस कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां आपल्या उपासमारीचे दिवस आठवून त्या तेथें गेल्या आणि अन्नान्न झालेल्या शेंकडों मुलींस त्यांनीं आश्रय दिला. केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें तें त्यांतून. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा गेली आणि १९२२ सालीं त्या स्वतः गेल्या. मधल्या त्या शेवटच्या काळांतही बायबलाच्या मराठी भाषांतराचें त्यांचें काम चालूंच होतें.

त्यांच्या कृतीचा अर्थ आम्ही असा लावतों. दुष्काळ चांगला होता, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहितांना पौलानें प्रत्येक स्थितींत आभार मानण्यास सांगितलें आहे; प्रत्येक स्थितीबद्दल नव्हे. कुजलेल्या भाताबद्दल किंवा मेलेल्या मुलाबद्दल आभार मानावयास सांगणारा उपदेशक ईश्वराची निंदाच करतो. पण त्या दुःखांतही आपण टाकलेले नाहीं, असें ज्यास वाटतें, त्याचा हात दुसऱ्याकडे वळतो. देवास आपल्याकडून परत घेण्यासारखें कांहीं नाहीं; म्हणून त्याचें देणें शेजाऱ्याकडे जातें.

वाणगांवच्या शेतकऱ्यास ‘आभार मान’ असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ज्या वर्षीं त्याचा भात भिजला आणि आमच्या घरांत तांदूळ आला, त्या वर्षीं तो प्रश्न आम्हांसच विचारलेला आहे. ताटावर बसून प्रार्थना म्हणणाऱ्यानें ती अवश्य म्हणावी. मात्र म्हणून झाल्यावर त्या दिवशीं आपल्या अन्नांतील वांटा कोणाकडे पोंचवावयाचा, हें ठरविल्याखेरीज पहिला घांस घेऊं नये.