वाघ्याला रागावणारी माणसे

डहाणूच्या मसोलीपासून तलासरीपर्यंत ख्रिस्ती कामाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : आदिवासींना तारण-बिरण काय कळणार, दवाखाना-शाळा दिली तेवढे पुष्कळ झाले. बोलणारा बहुधा आपुलकीनेच बोलतो, आणि म्हणूनच ते जास्त खटकते. इथल्या वारली आदिवासीचे अंग दुखते हे त्याला मान्य असते; वारली विचार करतो, हे मात्र नसते.

मराठीत तारणाचा संदेश सांगणाऱ्यांची मोठी नावे वाचकाला ठाऊक आहेत : ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. त्यांचा बराचसा श्रोतृवर्ग ओवी, अभंग आणि मोक्षाच्या चर्चेत वाढलेला होता. वारल्यांकडे खंडन करायला ग्रंथच नव्हता.

या वारल्यांशी बोलायला गेले ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घालणारे हेच. उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी लोकांवरचा त्यांचा लेख १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यात त्यांनी वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरेच दिली. देव कोण? वाघ्या, शेंदूर लावलेला दगड. तो देतो काय? वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. दगडाच्या हातून हे कसे होईल, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की तिथे दगडाखेरीज आणखीही काही असते. कोंबडी-बकरा देऊनही त्याने त्रास दिला, तर आम्ही त्याला चांगले रागावतो, असेही वारली सांगतात. मेल्यानंतरचे विचारले, तर ते आम्हाला कसे कळणार?

विल्सन विद्वान होते. उत्तरे त्यांनी जपून ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. पण त्यांच्या प्रश्नांचा रोख उलटतपासणीचा आहे. समोरचा गप्प झाला की आपले म्हणणे सिद्ध झाले, ही मुंबईच्या वादसभेतली सवय त्यांनी जंगलातही नेली. ‘दगडाखेरीज आणखी काही’ या उत्तरापाशी त्यांनी थांबायला हवे होते. मूर्तिपूजेवरच्या पोथीभर वादाला वारल्याने तिथे एका वाक्यात उत्तर दिले होते.

तारण म्हणजे सुटका, आणि ती दोन प्रकारची : आजची आणि मरणापलीकडची. वारली आजच्या सुटकेबद्दल बोलत होते. पुढे विसाव्या शतकातही या भागात लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे. ख्रिस्ताने स्वतःचे मोल देऊन माणसाला सोडवले, हे अशा माणसाला समजावायला भाष्य लागले नसते. सावकार माझे खाते फाडणार का, एवढेच त्याने विचारले असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूत आलेल्या अमेरिकन ब्रदरन मिशनचा एक विधी इथे सांगण्यासारखा आहे. प्रीतिभोजनाआधी त्यांच्या मंडळीतली माणसे खाली बसून एकमेकांचे पाय धुतात. ज्या मुलखात कोणी कोणाच्या पायाशी बसायचे हे जन्माने ठरत होते, तिथे असे पाय धुणे म्हणजे प्रवचनच होते.

मग परलोक बाजूला ठेवून एवढेच करावे का? तसे वाटते खरे. पण लग्नगड्यांची वेठ मोडली ती चर्चने नव्हे. मे १९४५ मध्ये झरीला वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या लाल बावट्याखाली त्यांनी ती नाकारली. आजची सुटका ख्रिस्ताचे नाव न घेताही मिळते. तारण म्हणजे तेवढेच असेल, तर सरकारी रुग्णालय सुरू झाल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे मरणाचा प्रश्न वारल्यालाही विचारला पाहिजे, हे विल्सनांचे म्हणणे बरोबरच होते. तो न विचारणे हाच त्याचा खरा अपमान.

मात्र विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घ्यावे आणि नकारही सोसावा. घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे; दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. आणि प्रार्थना करूनही पोर तापाने गेले, तर वाघ्याला रागावणारा माणूस या नव्या देवालाही रागावेल. बायबलमध्ये त्याला जागा आहे. ईयोब देवाशी भांडतो, स्तोत्रे तक्रारींनी भरलेली आहेत. डहाणूत तारण सांगायला बसणाऱ्याने स्वर्गाच्या वर्णनाआधी ती पाने उघडावीत.